नगरसेवक जोतीराव: विरोधात एक मत

दोस्तांनो, महात्मा फुले म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? भिडे वाडा, मुलींची शाळा, सावित्रीबाई, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी'. स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल तर १८४८, १८७३, १८८२, १८८८ ही सालं तोंडपाठ असतील. पण गाईडमध्ये मधेच एक बारीक ओळ असते आणि ती आपण घाईघाईत ओलांडून जातो. ती ओळ म्हणजे, पुणे नगरपालिकेचे सभासद, नियुक्ती १८७६.

म्हणजे आजच्या भाषेत नगरसेवक! नाली, नळ, दिवाबत्ती, बाजार, दवाखाना असल्या विषयांच्या बैठकीला बसणारा माणूस. महात्मा आणि नगरसेवक हे दोन शब्द एका दमात उच्चारायची आपल्याला सवय नाही. पण जोतीरावांनी सहा-सात वर्षं हे काम केलं. त्या काळातले त्यांचे थोडेसे कागद, एक पत्र आणि दोन विरोध आज आपल्यापर्यंत पोचले आहेत. थोडेच आहेत, पण सार्वजनिक पैसा आधी कुठे खर्च व्हावा, या प्रश्नाला ते आजही थेट हात घालतात. म्हणून आज त्यांची ही ओळख करून घेऊ.

फुलांच्या दुकानातून ठेकेदारीकडे

आधी माणूस समजून घ्या. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर घराणं फुलांच्या धंद्यात शिरलं, पेशव्यांना फुलं पुरवू लागलं आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई लवकर गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी या पोराला वाढवलं. वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून पोराला शाळेतून काढलं आणि शेतात घातलं. शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी समजूत घातली, तेव्हा १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा गेले. शिक्षण कसं हातातून निसटतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

१८४८ साली मुलींची शाळा काढली. त्यापायी सावित्रीबाईंसह घर सोडावं लागलं. चार वर्षांनी, १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबाग वाड्यात सरकारने मेजर कँडींच्या हस्ते त्यांचा सत्कार केला. पुढे १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला, १८७३ साली सत्यशोधक समाज. हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

पण पोटापाण्याचं काय? त्यांना पगार नव्हता आणि देणगीवर जगायचा त्यांचा पिंड नव्हता. जोतीराव धंदा करत होते. धातूच्या ओतकामाला लागणारं साहित्य विकायची एजन्सी त्यांच्याकडे होती. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या नावाने ते बांधकामाची कामंही घेत. येरवड्याच्या पुलाला दगड पुरवणं, कात्रजच्या बोगद्याचं काम, खडकवासल्याच्या धरणाचं काम, या सगळ्यांत त्यांचा हात होता. मांजरीच्या शिवारात त्यांनी शेतीही केली.

आज ठेकेदार नगरसेवक म्हटलं की आपल्या कपाळावर आठी येते. ती यावीच. ज्या नगरपरिषदेचा सभासद, तिच्याच ठेक्यात हितसंबंध असेल तर आजच्या कायद्यात सभासदत्व जाऊ शकतं. जोतीरावांची ही मोठी कामं पूल, बोगदा, धरण अशी सरकारी बांधकामांची होती. त्यातून त्यांनी काय उचललं, ते बघा. चुन्याचा भाव, दगडाचा भाव, मजुराची मजुरी, मधल्या मध्ये कोण किती खातो, हे त्यांना साइटवर उभं राहून कळलं. मजुराची कशी लुबाडणूक होते, यावर त्यांनी पुढे लिहिलंसुद्धा. असा माणूस नगरपालिकेच्या बैठकीत बसला की त्याला खर्चाचा आकडा नुसता ऐकू येत नाही, तो आकडा त्याला कळतो.

कमिशनर म्हणजे कोण?

१८७६ साली सरकारने जोतीरावांना पुणे नगरपालिकेचं सभासद नेमलं. हो, नेमलं. निवडून दिलं नव्हतं. तेव्हा सभासद सरकारच्या पसंतीने ठरत. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यानंतर हळूहळू निवडणुकीची वाट रुंद झाली आणि तीसुद्धा कर भरणाऱ्या, शिकल्यासवरलेल्या मोजक्या लोकांसाठीच. सगळ्या प्रौढांना मत मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं.

त्या काळच्या कागदांत सभासदाला म्युनिसिपल कमिशनर म्हटलेलं दिसतं. ते वाचून गोंधळू नका. आज आयुक्त म्हणजे महापालिकेचा मोठा अधिकारी. तेव्हा कमिशनर म्हणजे साधा सभासद.

मग सभेचं चित्र कसं असेल, विचार करा. सभेत बसलेले सरकारी अधिकारी, सरदार घराण्यातले लोक, सावकार, व्यापारी, वकील. खुर्ची सरकारच्या मर्जीने मिळालेली आणि सरकारच्या मर्जीनेच टिकणारी. अशा सभेत साहेबांच्या ठरावाला कोण विरोध करणार? मान डोलवायची, मंजूर म्हणायचं, सभा संपली की घरी जायचं. हाच रिवाज असणार.

आणि बाहेर काय चाललं होतं? १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले होते. १८७६ ला पाऊस गेला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ आला. माणसं आणि गुरं रस्त्यावर आली. त्याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा भपकेबाज दरबार भरला. इकडे पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक समाजाची मंडळी दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नाची सोय करत होती. सावित्रीबाई जुन्नर भागात मदतीला फिरत होत्या. नगरपालिकेचा हा नवा सभासद सभेला यायचा तो असलं सगळं बघून.

दारूच्या दुकानाचं पत्र

आता कागदांकडे वळू. पहिला कागद आहे १८ जुलै १८८० चा. नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे तेव्हाचे कार्यवाहक अध्यक्ष प्लंकेट नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्यांना जोतीरावांनी लिहिलेलं हे पत्र.

विषय काय, तर शहरात वाढलेली दारूची दुकानं. पूर्वी दारूचं दुकान असलंच तर गावाच्या कडेला असे. आता ती भर वस्तीत शिरली होती. एका बाजूला नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते आणि दुसऱ्या बाजूला लोकांचं आरोग्य, घरदार आणि नीतिमत्ता बिघडवणारी दुकानं त्याच गावात वाढतात, ही विसंगती त्यांनी समितीपुढे ठेवली. अशा दुकानांवर नगरपालिकेने कर का बसवू नये, असंही त्यांनी सुचवलं.

यातली गंमत कळली का? दारू वाईट, एवढं सांगून ते थांबले नाहीत. भाषण ठोकलं आणि घरी गेले, असं नाही. त्यांनी लेखी पत्र दिलं, योग्य अधिकाऱ्याला दिलं आणि नगरपालिकेच्या हातात काय आहे, ते सांगितलं. दारूच्या महसुलावर सरकारचा डोळा होता, त्यामुळे या पत्राने सरकार खूश होण्याचं कारण नव्हतं. तरी पत्र गेलं.

तुमच्यापैकी अनेकांच्या गावात 'आडवी बाटली, उभी बाटली' असं मतदान झालेलं तुम्ही ऐकलं किंवा पाहिलं असेल. गावातल्या बाया रांगेत उभ्या राहून दुकान बंद करायला मत देतात. त्यांची तक्रार तीच, जी जोतीरावांनी १८८० साली कागदावर मांडली. घर चालवणाऱ्याच्या हातातला पैसा घरी पोचायच्या आत दुकानात जातो. फरक इतकाच, की आज त्या बायांच्या हातात मत आहे.

हजार रुपयांचा प्रश्न

दुसरी गोष्टही १८८० चीच. व्हाइसरॉय पुण्याला येणार, असं ठरलं. मग काय विचारता! कमानी, पताका, रोषणाई, मानपत्र. नगरपालिकेपुढे विषय आला, की स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायला मंजुरी द्या.

हजार रुपये म्हणजे आज तुमचा मोबाइलचा काही महिन्यांचा रिचार्ज. पण तेव्हाचा हजार किती मोठा होता, हे जोतीरावांच्याच एका मागणीवरून काढता येतं. दोनच वर्षांनी त्यांनी सरकारकडे मागणी केली, की प्राथमिक शिक्षकाला महिन्याला किमान बारा रुपये पगार द्या. बारा गुणिले बारा, वर्षाचे १४४ रुपये. म्हणजे हजार रुपयांत जवळजवळ सात शिक्षकांचा वर्षभराचा पगार निघाला असता. सात शाळा, एक वर्ष. आणि हा पैसा दोन-चार दिवसांच्या रोषणाईत जाणार होता.

जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या पोरांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव मताला आला. त्यांचे चरित्रकार सांगतात, की बत्तीस सभासदांच्या त्या नगरपालिकेत विरोधात मत पडलं ते एकच, जोतीरावांचं.

क्षणभर त्या जागी स्वतःला ठेवून बघा. सगळे एका बाजूला आणि तुम्ही एकटे. ज्याच्या स्वागताचा विषय आहे, तो देशातला सर्वांत मोठा सत्ताधीश. ज्या खुर्चीवर तुम्ही बसलात, ती त्याच्याच सरकारने दिलेली. आणि ठराव मंजूर होणारच आहे, हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेजच्या गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये सगळे हो म्हणत असताना नाही म्हणायला आपली जीभ अडखळते. इथे तर व्हाइसरॉय होता.

मग हे मत वाया गेलं का? आकड्यांत बघितलं तर गेलं. कमानी उभ्या राहायच्या त्या राहिल्याच असणार. पण हा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, असं मात्र कुणाला म्हणता आलं नाही. दीडशे वर्षं होत आली, तरी त्या स्वागताची आठवण निघते ती या एका विरोधामुळेच. मंजूर म्हणणाऱ्या बाकीच्यांची नावं तुम्हाला-मला ठाऊक नाहीत.

तीन लाखांची मंडई

तिसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून नीट वाचा. पुण्यात भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. ऊन, पाऊस, चिखल. नगरपालिकेने ठरवलं, की शुक्रवार पेठेत एक मोठी, पक्की, देखणी मंडई बांधायची. खर्च सुमारे तीन लाख रुपये.

जोतीरावांनी याही खर्चाला विरोध केला. या वेळी ते एकटे नव्हते. त्यांचे मित्र आणि सहकारी हरी रावजी चिपळूणकर त्यांच्यासोबत होते. म्हणणं तेच. एवढा पैसा आधी शिक्षणावर खर्च करा.

मघाचाच हिशेब इथे लावा. तीन लाखांत शंभर शिक्षकांचा पगार वीस वर्षं भागला असता आणि वर काही हजार उरले असते. शंभर शिक्षक, वीस वर्षं! एक अख्खी पिढी शिकून मोठी झाली असती.

पण तुम्ही म्हणाल, मंडई काय चैनीची गोष्ट आहे? भाजी विकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नको? बरोबर आहे. हिंगोलीच्या किंवा वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, अवकाळी पाऊस आला आणि शेड नसलं तर काय होतं. जोतीराव स्वतः माळी समाजातले, फुला-भाजीच्या धंद्यातल्या घरचे, शेती करणारे. बाजार त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि ती मंडई वाईट निघाली, असंही नाही. तिथे पिढ्यान्पिढ्या लोकांनी भाजी विकली, घेतली, घरं चालवली.

म्हणूनच हा विरोध विचार करायला लावतो. व्हाइसरॉयच्या कमानीला नाही म्हणणं आज आपल्याला सोपं वाटतं, कारण ती उधळपट्टी होती हे उघड दिसतं. मंडईचं तसं नाही. दोन्ही बाजूंना लोकांच्या उपयोगाचीच गोष्ट आहे. तिजोरी मात्र एकच. मग आधी काय? छप्पर की शाळा? आणि छप्पर हवंच असेल, तर ते साधं चालेल की उंच मनोऱ्याचंच हवं? नगरसेवकाचं खरं काम इथे सुरू होतं. चांगलं आणि वाईट यातून निवडणं कुणालाही जमतं. दोन चांगल्या कामांतलं आधीचं कुठलं, हे ठरवणं अवघड. जोतीरावांचं उत्तर ठरलेलं होतं. आधी शाळा. तुमचं वेगळं असू शकतं. पण उत्तर हवं.

या लढाईतही ते हरले. आठ बाजूंची, मधोमध मनोरा असलेली दगडी मंडई उभी राहिली आणि १८८६ साली खुली झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला मिळालं, रे मार्केट.

जुना गंज पेठेचा कमिशनर

सभेत मत मांडून हरलेला माणूस काय करतो? बहुतेक जण गप्प बसतात. जोतीरावांनी तोच मुद्दा घेऊन मोठं दार ठोठावलं.

१८८२ साली सरकारने हंटर शिक्षण आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं जोतीरावांचं निवेदन या आयोगापुढे गेलं. परीक्षेसाठी तुम्ही हे पाठ केलेलं असेल. पण निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख कशी दिली, ते बघितलंय का? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. समाजसुधारक नाही, लेखक नाही. धंदा, शेती आणि नगरपालिकेतलं पद.

आणि निवेदनही त्याच अनुभवातून आलेलं आहे. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शेतकरी वर्गातूनही तयार करा, म्हणजे तो पोरांत मिसळेल. त्याला जगण्याइतका पगार द्या. मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे शिकवा. आणि पैसा कुठून आणायचा? शेतकऱ्यांकडून वसूल होणाऱ्या लोकल फंडातला मोठा वाटा प्राथमिक शिक्षणाला द्या आणि शहरातल्या प्राथमिक शाळांचा भार नगरपालिकांनी उचलावा. नुसती मागणी नाही. बजेटचा रकाना दाखवून केलेली मागणी. नगरपालिकेत बसलेल्या माणसालाच हे सुचतं.

या मागणीचं पुढे काय झालं, तेही बघून घ्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात याच विषयाचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. १९१८ साली मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण सुरू करायची मुभा देणारा कायदा झाला. आणि सगळ्या देशासाठी शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजा. तब्बल १२७ वर्षं उलटून गेली होती.

सभेबाहेरचे दिवस

नगरपालिकेतली कारकीर्द संपत आली, तेव्हा १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. शेतकऱ्याच्या कर्जाचं, कोर्टकचेरीचं आणि सरकारी कारभाराचं इतकं बारीक वर्णन करणारं पुस्तक त्यापूर्वी मराठीत नव्हतं. पुढे याच हरी रावजी चिपळूणकरांनी राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याला मेजवानी दिली, तेव्हा जोतीराव तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले. कमानी आणि पताकांच्या मागे दडलेला देश पाहुण्याला दिसावा म्हणून.

११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीच्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला. मग डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. पुस्तक त्यांच्या मागे, १८९१ साली छापलं गेलं.

ते गेले, तेव्हा त्यांचा विरोध डावलून बांधलेली मंडई चार वर्षांपासून दिमाखात सुरू होती. तिच्यावर लॉर्ड रे यांचं नाव होतं. पण गोष्ट तिथे संपत नाही.

१९२५ साली पुणे नगरपालिकेत केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारायचा विषय मांडला. शहरभर वादळ उठलं. ज्या सभागृहात जोतीराव बसले होते, त्याच सभागृहाने त्यांचा पुतळा नाकारला. पुढे दहा-पंधरा वर्षांत हवा बदलली. आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत सभासद म्हणून निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचं नाव बदललं. नवं नाव, महात्मा फुले मंडई!

म्हणजे ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तिलाच त्यांचं नाव लागलं. आज पुण्यात कुणालाही विचारा, मंडई कुठे आहे, लगेच सांगतील. लॉर्ड रे कोण, विचारा. बहुतेक जण तुमच्याकडे बघत राहतील.

कागद कुठे बघायचे?

ही सगळी माहिती आपल्याला कशी मिळाली? कुणीतरी कागद जपले म्हणून. नगरपालिकेचं पत्र दप्तरात राहिलं. हंटर आयोगापुढचे पुरावे १८८४ साली कलकत्त्याला छापले गेले, म्हणून निवेदन टिकलं. पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ साली चरित्र लिहिलं, धनंजय कीर यांनी १९६४ साली इंग्रजीत लिहिलं. कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली काढलं. पुढे य. दि. फडके यांनी त्याची सुधारित आवृत्ती केली. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत हा जाडजूड ग्रंथ असेल. एकदा तरी हातात घ्या. रीलवर येणारी फुल्यांची वाक्यं त्यांची आहेत की कुणी चिकटवलेली आहेत, हेही त्यातच कळेल.

आता आपल्याकडे बघू. जोतीराव पुण्यात हात वर करत होते, तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही आपल्या शहरातली नावं त्याच काळाची. आपला भाग स्वतंत्र झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, आणि हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. आज हिंगोली, वसमत, कळमनुरीला नगरपरिषद आहे, सेनगाव आणि औंढा नागनाथला नगरपंचायत आहे. अठराव्या वर्षी तुम्ही मत देऊ शकता आणि एकविसाव्या वर्षी स्वतः उभे राहू शकता. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरकारने नेमायची वाट बघायची गरज उरलेली नाही.

मग एक काम करून बघा. प्रोजेक्ट म्हणून करा, हवं तर चार मित्रमैत्रिणी मिळून करा. तुमच्या नगरपरिषदेच्या गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त मागा. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. ग्रामपंचायतीच्या गावात राहत असाल तर ग्रामसभेचं इतिवृत्त मागा.

कागद हातात आला की तीन गोष्टी बघा. किती ठराव सर्वानुमते मंजूर झाले? शाळा, अभ्यासिका, दवाखाना यांच्यावर किती गेले आणि स्वागत, सत्कार, सुशोभीकरणावर किती? आणि एखाद्या ठरावाखाली कुणी विरोध नोंदवलाय का? नोंदवला असेल तर त्यांना गाठा आणि कारण विचारा. पान भरून नुसतंच सर्वानुमते, सर्वानुमते असेल, तर आपल्या वॉर्डातल्या सभासदांना भेटा आणि त्या दिवशी सभेत काय बोलणं झालं, ते विचारा. प्रश्न विचारायला पद लागत नाही.